आजारी मूल आणि खाटेशेजारचे आईबाप



आपल्या एपीएमसी मार्केटमधला दिवस उजाडायच्या कितीतरी आधी सुरू होतो. रात्रीतून भाजीच्या गाड्या लागतात, पहाटे बाजार भरतो. माथाडी, मापाडी, गाळ्यावरचे नोकर, टेम्पोवाले, चहावाले अशा कितीतरी जणांची चूल त्या पहाटेच्या कामावर पेटते. अशा घरातले एखादे मूल इस्पितळात दाखल झाले, की सारे घरच विस्कटते. आई मुलाजवळ बसते. वडिलांनी कामावर जायचे की वॉर्डात थांबायचे, हा प्रश्न रोज नव्याने उभा राहतो. धाकटी भावंडे शेजाऱ्यांकडे. औषधांचा खर्च वाढतो आणि नेमकी त्याच वेळी मजुरी बुडते.

आजच्या पाठात आपण दोन गोष्टी समजून घेऊ या. इस्पितळातील मुलाची शुश्रूषा म्हणजे नेमके काय, आणि त्या शुश्रूषेत आईबापांचा व आपणा सर्वांचा वाटा कोणता?

१. मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे

मोठ्या माणसाला दोन गोळ्या, म्हणून मुलाला एक, असा हिशेब इस्पितळात चालत नाही. मुलाचे औषध बहुतेक वेळा त्याच्या वजनावर ठरते. म्हणूनच दाखल करताना सिस्टर प्रथम वजन घेतात. सलाईनही मोजून द्यावे लागते, कारण लहान शरीरात पाणी थोडे जास्त झाले किंवा थोडे कमी पडले तरी फरक पडतो. जुलाब-उलट्यांनी मोठा माणूस दोन दिवसांत थकतो. तान्हे बाळ काही तासांत मलूल होते.

शिवाय लहान मुलाला कुठे दुखते ते सांगता येत नाही. त्यामुळे परिचारिकेला त्याचे रडणे, श्वास, डोळे आणि दूध ओढण्याची ताकद यांवरून अंदाज घ्यावा लागतो. चार-पाच वर्षांच्या मुलाला चेहऱ्यांची चित्रे दाखवून, 'यातला तुझा चेहरा कोणता?' असे विचारतात. हसऱ्यापासून रडव्यापर्यंतचे ते चेहरे म्हणजे दुखणे मोजण्याची पट्टीच असते.

'बाळाने शू किती वेळा केली? दूध किती घेतले?' असे सिस्टर पुन्हा पुन्हा विचारतात, तेव्हा आपण वैतागतो. पण तो प्रश्न उपचाराचाच भाग आहे. आईने एका छोट्या वहीत वेळ आणि प्रमाण लिहून ठेवले, तर पाळी बदलल्यावर नव्या सिस्टरलाही ते उपयोगी पडते. 'आज हा नेहमीसारखा वाटत नाही,' हे आईचे वाक्यही महत्त्वाचे आहे. ते संकोच न करता सांगावे, आणि दखल घेतली गेली नाही तर पुन्हा सांगावे.

२. आईबाप वॉर्डाबाहेर होते तेव्हा

आपल्याकडे मुलासोबत आई राहणारच, हे आपण गृहीत धरतो. सगळीकडे तसे नव्हते. इंग्लंडमध्ये विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत अनेक इस्पितळांत आईबापांना आठवड्यातून मोजक्या वेळीच मुलाला भेटता येई. त्यांच्या येण्याने मुले रडतात आणि जंतू पसरतात, असा समज होता. आईबाप निघून गेल्यावर काही दिवसांनी मूल शांत होई, म्हणजे ते 'रुळले' असे मानले जाई.

जेम्स रॉबर्टसन या समाजसेवकाने अशा मुलांचे जवळून निरीक्षण केले आणि १९५२ साली इस्पितळात ठेवलेल्या दोन वर्षांच्या एका मुलीवर चित्रपट केला. मूल रुळलेले नसते, हे त्यांनी दाखवून दिले. आधी ते आकांत करते, मग हताश होते आणि शेवटी आईकडेही पाठ फिरवते. त्या शांततेच्या पोटात दुःखच असते. पुढे १९५९ साली ब्रिटनमधील प्लॅट समितीने शिफारस केली, की आईबापांना मुलाला केव्हाही भेटू द्यावे आणि लहान मुलासोबत आईला राहू द्यावे.

नवजात बाळांच्या बाबतीत हे आणखी स्पष्ट झाले. १९७८ साली कोलंबिया देशातील बोगोटा येथे कमी वजनाच्या बाळांसाठी पेट्या अपुऱ्या पडत होत्या. तेथे डॉक्टरांनी बाळाला आईच्या छातीशी उघड्या अंगाने बांधून ठेवायला सुरुवात केली. हीच आजची 'कांगारू' पद्धत. जागतिक आरोग्य संघटनेने पाच देशांतील इस्पितळांत याचा अभ्यास केला. त्यांत दिल्लीचे सफदरजंग रुग्णालयही होते. बाळाची प्रकृती स्थिर होण्याची वाट न पाहता जन्मानंतर लगेच त्याला आईच्या उराशी दिले, तर मृत्यूचे प्रमाण सुमारे २५ टक्क्यांनी घटते, असे २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दिसले.

आपल्या जवळचे उदाहरण शीव येथील लोकमान्य टिळक रुग्णालयाचे. डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी तेथे १९८९ साली मातृदुग्धपेढी सुरू केली. आशियातील ही पहिलीच. ज्या बाळांना स्वतःच्या आईचे दूध मिळू शकत नाही, त्यांच्यासाठी दुसऱ्या माता तेथे दूध देतात.

शुभवर्तमानातील याईराच्या मुलीची कथा आपण अनेकदा ऐकली आहे. येशूने गर्दीला बाहेर काढले, पण आईबापांना सोबत आत नेले. आणि मुलगी उठल्यावर तिला खायला देण्यास सांगितले. आईबाप जवळ हवेत आणि पोटाची काळजीही घ्यायला हवी, या दोन्ही गोष्टी त्या घरात घडल्या.

३. खाटेशेजारी काय करावे, काय टाळावे

खोटे आश्वासन देऊ नये. 'काही दुखणार नाही' असे सांगून सुई टोचली, की मूल पुढच्या वेळी कोणाचेच ऐकत नाही. 'थोडे दुखेल, मी हात धरते, आपण दहापर्यंत मोजू' असे म्हणावे.

सुईचा धाक घालू नये. 'जेवला नाहीस तर डॉक्टर इंजेक्शन देतील' ही आपल्या घराघरांतली धमकी. अशा मुलाला इस्पितळ म्हणजे शिक्षाच वाटते. 'माझे ऐकले नाहीस म्हणून आजारी पडलास' असेही कधी म्हणू नये. लहान मुले ते अक्षरशः खरे मानतात.

न सांगता निघून जाऊ नये. मूल झोपल्यावर आई गुपचूप गेली, तर ते पुढे झोपायलाच घाबरते. 'मी घरी जाऊन डबा घेऊन येते, तोवर बाबा आहेत' असे सांगून जावे आणि शब्द पाळावा.

घरची एखादी वस्तू जवळ ठेवावी. धुतलेली गोधडी किंवा ओळखीचे खेळणे मुलाला धीर देते. खेळ हाही उपचाराला हातभारच आहे.

घरी परतल्यावर धीर धरावा. सुटलेले अंथरूण ओले करणे पुन्हा सुरू होते, मूल आईचा पदर सोडत नाही, रात्री दचकून उठते. हे हट्ट नव्हेत. बहुतेक वेळा काही आठवड्यांत ते निवळते. तसे झाले नाही तर डॉक्टरांना सांगावे.

४. उपचार अर्धवट का सुटतात?

ताप किंवा न्यूमोनियाचे मूल काही दिवसांत घरी येते. पण कर्करोग किंवा हृदयाचा दोष असेल तर लढाई लांबते. रक्ताच्या कर्करोगाचे काही उपचार दोन वर्षांहून अधिक चालतात. औषध लागू पडत असतानाही काही कुटुंबे मध्येच गावी निघून जातात. मुलावर त्यांचे प्रेम नसते असे नाही. राहायला जागा नसते, भाड्याचे पैसे संपतात, गावी दुसरी मुले वाट पाहत असतात. बरे होऊ शकणारे मूल अशा कारणांनी हातचे जाते.

परळच्या टाटा मेमोरियल रुग्णालयाने हे ओळखले. तेथील इम्पॅक्ट फाउंडेशन मुलांच्या कुटुंबांना औषधखर्च, आहार, निवास आणि समुपदेशन यांसाठी मदत करते; त्यामुळे उपचार सोडून जाणाऱ्यांचे प्रमाण खूप खाली आले. २००६ साली मुंबईत सुरू झालेली सेंट ज्यूड इंडिया चाइल्डकेअर सेंटर्स ही संस्था कर्करोगग्रस्त मुलाला आईवडिलांसह विनामूल्य राहायला जागा देते. तेथे आई स्वतः स्वयंपाक करते आणि मुलाला घरासारखे वाटते.

आपल्या नवी मुंबईतही सोयी वाढल्या आहेत. खारघरला टाटा मेमोरियल केंद्राचे अ‍ॅक्ट्रेक आहे. तेथील महिला व बाल कर्करोग रुग्णालयाच्या इमारतीचे लोकार्पण २०२३ साली झाले. खारघरमध्येच श्री सत्यसाई संजीवनी केंद्रात मुलांच्या हृदयावरील शस्त्रक्रिया विनामूल्य होतात. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत नोंदणीकृत रुग्णालयांत, ठरावीक आजारांवर, कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. ही मर्यादा २०२४ पासून लागू झाली. अशा रुग्णालयात 'आरोग्यमित्र' बसतात. मोठ्या सरकारी व पालिका रुग्णालयांत समाजसेवा विभागही असतो. पैसे भरण्यापूर्वी आणि कर्ज काढण्यापूर्वी या दोन ठिकाणी चौकशी करावी. रेशनकार्ड, आधारकार्ड आणि मुलाचा जन्मदाखला जवळ ठेवावा.

५. आपला वाटा

आपण डॉक्टर नाही, परिचारिकाही नाही. पण खाटेशेजारी बसलेल्या आईला उभे ठेवण्याचे काम आपले आहे. ती उपाशी, जागलेली, घाबरलेली असेल, तर मुलाला धीर कोठून देणार?

भेटायला गर्दीने जाऊ नये. सर्दी-खोकला असेल तर जाऊच नये. हात धुतल्याशिवाय मुलाला हात लावू नये. फळे, मिठाई, बाहेरचे खाणे सिस्टरना विचारल्याशिवाय देऊ नये; कर्करोगाच्या मुलाला बाहेरचे साधे खाणेही बाधू शकते.

'काही लागले तर सांगा' असे आपण म्हणतो, पण अडचणीतला माणूस सांगत नाही. त्यापेक्षा 'मंगळवारी आणि शुक्रवारी डबा मी आणतो' असे म्हणावे. दोन तास मुलाजवळ बसून आईला अंघोळीला, झोपायला पाठवावे. भावंडांना शाळेत सोडावे, त्यांचा अभ्यास घ्यावा. ज्याची मजुरी बुडते, त्याच्या घरी आठवड्याचे वाणसामान पोचवावे. बाजाराच्या दारात राहणाऱ्या आपल्याला ते अवघड नाही. १८ ते ६५ वयाच्या निरोगी व्यक्तीने रक्तदान करावे. अनेक मुलांच्या उपचारांत रक्ताची गरज पडते.

आणि वॉर्डातल्या सिस्टरशी नीट बोलावे. रात्रपाळीत तिच्याकडेही एकाच वेळी अनेक मुले रडत असतात. तक्रार असेल तर ती शांतपणे, वॉर्डच्या मुख्य परिचारिकेकडे मांडावी.

काही वेळा सर्व करूनही मूल वाचत नाही. तेव्हा 'देवाची इच्छा' म्हणून विषय संपवू नये. जवळ बसावे, मुलाचे नाव घ्यावे, त्याच्या आठवणी ऐकाव्यात. आणि महिन्यानंतर, इतरांचे येणे थांबले की, आपण पुन्हा जावे.

चर्चेसाठी प्रश्न

१. आपल्या शेजारी सध्या कोणाचे मूल इस्पितळात आहे का? त्याची भावंडे कोणाकडे आहेत?

२. आपण घरी मुलांना डॉक्टरांचा किंवा सुईचा धाक घालतो का?

३. आपल्या विभागातील छोट्या समूहाने डबा, सोबत, वाणसामान आणि रक्तदान यांपैकी कोणती एक जबाबदारी या महिन्यात घ्यावी? ती कोण, कोणत्या दिवशी पार पाडील?