नाव तेच, उच्चार निराळे

प्रास्ताविक

माणसाला जन्मानंतर समाजाकडून मिळणारी पहिली भेट म्हणजे त्याचे नाव. ते आपल्या मालकीचे असते. परंतु ते उच्चारतात मात्र इतर लोक. हे लोक दुसऱ्या भाषेचे असले, की आपल्या नावाचा नाद बदलतो. कधी एखादे अक्षर गळते, कधी एखादे बदलते. असे का होते, याचा विचार आपण या पाठात भिलाई नगराच्या आधारे करणार आहोत.

उद्दिष्टे

हा पाठ अभ्यासल्यानंतर आपण –
• नावाचा उच्चार भाषेनुसार का बदलतो, याची कारणे सांगू शकाल;
• मराठीतील खास ध्वनी ओळखू शकाल;
• उच्चारातील बदल आणि लेखनातील चूक यांमधील फरक स्पष्ट करू शकाल.

मूळ पाठ

१. अनेक भाषांचे नगर

छत्तीसगडमधील दुर्ग जिल्ह्यात भिलाई हे पोलादनगर वसले आहे. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात 1955 साली झालेल्या करारानुसार येथे पोलाद कारखाना उभारण्यात आला. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. या कारखान्यात काम करण्यासाठी छत्तीसगडी माणसांबरोबरच मराठी, बंगाली, तेलुगू, तमिळ, मल्याळी, ओडिया, पंजाबी अशा अनेक भाषा बोलणारी माणसे आली. त्यांना मार्गदर्शन करण्यासाठी रशियन अभियंतेही आले. एकाच पाळीत, एकाच भट्टीपाशी हे सारे एकमेकांना नावाने हाक मारू लागले.

मराठी माणसाला हा प्रदेश नवखा नव्हता. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता छत्तीसगडवर होती. हिंदीतील श्रेष्ठ कवी गजानन माधव मुक्तिबोध हे मराठी घरातले. त्यांनी 1958 पासून जवळच्या राजनांदगाव येथील दिग्विजय महाविद्यालयात अध्यापन केले.

२. ध्वनी नसला तर काय होते?

प्रत्येक भाषेजवळ ध्वनींचा ठरावीक साठा असतो. लहानपणी जे ध्वनी कानांवर पडतात, तेच जिभेच्या वळणी पडतात. अपरिचित ध्वनी ऐकू आला, की आपण नकळत त्याच्या जागी सर्वांत जवळचा परिचित ध्वनी वापरतो.

मराठीतील ‘ळ’ हे याचे उत्तम उदाहरण. प्रमाण हिंदीत हा ध्वनी नाही. म्हणून ‘काळे’ हिंदीभाषकाच्या तोंडी ‘काले’ होतात. आपले बाळ गंगाधर टिळक हिंदी पुस्तकांत ‘बाल गंगाधर तिलक’ म्हणून भेटतात. त्यात दोन्ही ‘ळ’ गेलेले आहेत. याउलट ओडिया, तेलुगू आणि मल्याळम या भाषांत ‘ळ’ आहे. त्यामुळे भिलाईतील एखाद्या काळे आडनावाच्या कामगाराला त्याचा मल्याळी किंवा ओडिया सोबती अचूक हाक मारू शकेल. म्हणजेच अचूक उच्चार हा जिभेच्या सवयीचा भाग आहे. तो आपुलकीचे माप नव्हे.

मराठीत ‘च’ आणि ‘ज’ यांचे दोन-दोन उच्चार आहेत. ‘चाक’ आणि ‘चहा’ हे शब्द मोठ्याने म्हणून पाहा. ‘जाधव’ या आडनावातील ‘ज’ हा ‘जाळे’ या शब्दातल्यासारखा आहे. हिंदीभाषक मात्र तो ‘जीवन’मधील ‘ज’सारखा उच्चारतो. ‘वैशाली’, ‘गौरी’ या नावांत मराठी माणूस ‘अइ’ आणि ‘अउ’ असे जोडस्वर उच्चारतो. हिंदीत ते ‘वॅशाली’, ‘गॉरी’ असे काहीसे ऐकू येतात. छत्तीसगडी बोलीत ‘श’चा ‘स’ आणि ‘ण’चा ‘न’ होतो. म्हणून तेथे ‘गणेश’ हा ‘गनेस’ होतो.

३. अक्षर एक, उच्चार अनेक

काही वेळा अक्षर तेच राहते आणि वाचन बदलते. ‘ज्ञ’ हे जोडाक्षर मराठीत ‘द्न्य’, हिंदीत ‘ग्य’, तर गुजरातीत ‘ग्न’ असे उच्चारले जाते. ‘कृष्ण’ मराठीत ‘क्रुष्ण’, तर हिंदीत ‘क्रिष्ण’ असा ऐकू येतो. बंगालीत ‘व’चा ‘ब’ होतो आणि ‘अ’ पुष्कळदा ‘ओ’कडे झुकतो, म्हणून ‘विमल’ तेथे ‘बिमल’ होतो. तमिळ लिपीत क, ख, ग, घ या चारही ध्वनींसाठी एकच अक्षर आहे. त्याचा उच्चार शब्दातील स्थानावरून ठरतो.

४. परदेशी नावे आणि आपण

आपणही इतरांची नावे बदलतो, हे विसरता कामा नये. सोव्हिएत नेते ‘क्रुश्चेव्ह’ यांचे आडनाव रशियन माणूस ‘ख्रुश्चोफ’ असे उच्चारतो. रशियन लोकही ‘नेहरू’ हे आडनाव ‘नेरू’ असे लिहितात. एका गोष्टीत मात्र दोन्ही परंपरांत साम्य आहे. मराठी माणूस स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव अशा क्रमाने आपले पूर्ण नाव लिहितो. रशियन पूर्ण नावातही वडिलांच्या नावावरून तयार झालेला शब्द मध्ये येतो.

बदललेले नाव काही वेळा घरचेच होऊन जाते. कोकणात स्थिरावलेल्या बेने इस्राएल समाजाने आपल्या प्राचीन नावांना मराठी वळण दिले आणि गावांवरून ‘कर’ लावून आडनावे घेतली. मुंबईत 1796 साली पहिले सिनेगॉग उभारणारे सॅम्युअल इझिकेल दिवेकर हे ‘सामाजी हसाजी दिवेकर’ म्हणून ओळखले जात. या नावात त्या समाजाचा धर्म आणि त्याची भूमी दोन्ही सुखाने नांदतात.

५. रोमन लिपीचा फेरा

खरी अडचण उभी राहते ती नाव एका लिपीतून दुसऱ्या लिपीत जाऊन परत येते तेव्हा. बंगाली ‘ठाकुर’ इंग्रजीत जाऊन बदलले आणि परत येताना ‘टागोर’ झाले. रोमन लिपीत ‘द’ आणि ‘ड’ यांसाठी एकच अक्षर वापरले जाते. म्हणून ‘तेंडुलकर’ हे आडनाव हिंदी वृत्तपत्रांत ‘तेंदुलकर’ असे छापले जाते. रोमन लिपीतील ‘मोरे’, ‘दाते’, ‘साने’ ही आडनावे तर इंग्रजीतील निराळ्याच शब्दांसारखी दिसतात आणि परका वाचक ती ‘मोअर’, ‘डेट’, ‘सेन’ अशी वाचतो. दुर्ग या गावाचे नावही पूर्वी रोमन लिपीत अशा रीतीने लिहिले जाई, की ते ‘ड्रग’ असे वाचले जावे.

ज्ञानेश्वर नावाच्या मुलाची कल्पना करा. त्याच्या शाळेच्या दाखल्यावर मराठी उच्चाराप्रमाणे पहिले रोमन अक्षर ‘डी’ लिहिले गेले आणि दुसऱ्या ओळखपत्रावर हिंदी उच्चाराप्रमाणे ‘जी’. माणूस एकच, परंतु कागदावर मात्र दोन. नोकरी, बँकेचे खाते किंवा वारसाहक्क यांच्या वेळी आपण तेच आहोत, हे त्याला सिद्ध करावे लागते. ज्यांचे शिक्षण मध्येच थांबले, त्यांची नावे बहुधा दुसऱ्यानेच लिहिलेली असतात. म्हणून साक्षर होणे म्हणजे आपल्या नावाचे राखणदार होणेही आहे.

६. मग काय करावे?

उच्चाराबाबत उदार असावे आणि लेखनाबाबत दक्ष. शेजाऱ्याने ‘काळे’ऐवजी ‘काले’ म्हटले, तर त्यात अपमान नाही. हसून एकदा योग्य उच्चार सांगावा. मात्र कागदपत्रांवर नावाचे एकच लेखन ठरवावे आणि अर्जावर सही करण्यापूर्वी प्रत्येक अक्षर तपासावे. तसेच नव्या माणसाला, “आपले नाव कसे उच्चारतात?” असे विचारण्यास संकोच करू नये. त्या एका प्रश्नात समोरच्याचा मोठा आदर असतो.

पाठगत प्रश्न

१. प्रमाण हिंदीत नसलेला, पण मराठी, ओडिया व मल्याळम या भाषांत असलेला ध्वनी कोणता?
२. ‘ज्ञ’चे तीन भाषांतील उच्चार लिहा.
३. योग्य की अयोग्य ते सांगा : उच्चार चुकणे म्हणजे नेहमीच अनादर करणे होय.

आपण काय शिकलात?

• प्रत्येक भाषेचा ध्वनिसाठा वेगळा असल्याने नावांचे उच्चार बदलतात.
• एकच अक्षर निरनिराळ्या भाषांत निराळे वाचले जाते.
• लिप्यंतरामुळे नावाच्या लेखनात तफावत पडते. ती टाळणे आपल्या हिताचे असते.

पाठान्त प्रश्न

१. भिलाईत अनेक भाषा बोलणारे लोक एकत्र का आले?
२. ‘उच्चाराबाबत उदार आणि लेखनाबाबत दक्ष’ या विधानाचा अर्थ सोदाहरण स्पष्ट करा.
३. आपल्या सर्व कागदपत्रांवरील स्वतःचे नाव पडताळून पाहा. त्यांत फरक आढळल्यास तो कोणत्या कारणाने पडला असावा, हे पाच-सहा ओळींत लिहा.
४. दुसरी भाषा बोलणाऱ्या तीन परिचितांना आपले नाव उच्चारण्यास सांगा. कोणता ध्वनी बदलला, याची नोंद करा.