सारांशलेखन

एखादा मजकूर वाचून त्यातील मुख्य आशय थोडक्यात आणि स्वतःच्या शब्दांत मांडणे, यास सारांशलेखन असे म्हणतात. खानदेशात कापूस जिनात गेला म्हणजे सरकी निराळी होते व रुई उरते. ही रुई बाहेरून आणलेली नसते. ती त्या कापसातलीच असते. त्याचप्रमाणे सारांशात जे येते, ते सर्व मूळ मजकुरातलेच असले पाहिजे. सरकी टाकाऊ नसते. तिच्यापासून तेल निघते. तसेच मूळ लेखातील दृष्टांत, अलंकार व वर्णने हीही निरुपयोगी नसतात. मात्र सारांशात त्यांना स्थान नसते.

पुढील उतारा पाहा.

साने गुरुजी अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये शिक्षक होते. १९३० साली त्यांनी शाळा सोडली व ते स्वातंत्र्याच्या चळवळीत उतरले. १९३२ साली ते धुळ्याच्या तुरुंगात होते. त्याच तुरुंगात विनोबा भावे हेही कैदी होते. सोबतच्या कैद्यांना गीतेचा अर्थ कळावा, म्हणून विनोबा दर रविवारी एका अध्यायावर मराठीतून प्रवचन देत. पहिले प्रवचन २१ फेब्रुवारीला झाले, अठरावे १९ जूनला. गीतेचे अध्याय अठरा आणि रविवारही अठराच! बोललेला शब्द वाऱ्यावरच्या धुरासारखा असतो. पाहता पाहता तो विरून जातो. तुरुंगाच्या उंच भिंती ओलांडून तर तो बाहेर येणे अधिकच कठीण. परंतु विनोबा बोलत असता साने गुरुजी ते बोलणे भराभर उतरून घेत. त्यांची लेखणी चालली नसती, तर ती प्रवचने ऐकणाऱ्यांच्या स्मरणातच राहिली असती. त्यांच्या त्या परिश्रमांतून 'गीता-प्रवचने' हा ग्रंथ सिद्ध झाला. पुढे भारतातील अनेक भाषांत त्याची भाषांतरे झाली आणि धुळ्याच्या तुरुंगातील तो शब्द देशभर पोहोचला.

सारांश लिहिण्यापूर्वी उतारा दोनदा तरी वाचावा. पहिल्या वाचनात विषय ध्यानात येतो, दुसऱ्या वाचनात मुद्दे हाती लागतात. वरील उताऱ्यात चार मुद्दे आहेत : (१) १९३२ साली विनोबा व साने गुरुजी धुळ्याच्या तुरुंगात होते, (२) विनोबांनी तेथे गीतेवर अठरा प्रवचने दिली, (३) साने गुरुजींनी ती उतरून घेतली, (४) त्यांतून तयार झालेला ग्रंथ देशभर गेला.

यानंतर काय गाळावे, याचा विचार करावा. अमळनेरच्या शाळेची हकीकत खरी आहे, परंतु ग्रंथ कसा जन्मला हे सांगण्यास तिची गरज नाही. धुराची उपमा व भिंतींचे वर्णन वाचताना गोड वाटते. तेही गाळता येते. मात्र 'उतरून घेतली' हे शब्द गाळले, तर उताऱ्याचा प्राणच जाईल.

एका विद्यार्थ्याने सारांश असा केला, असे समजा : 'साने गुरुजींनी धुळ्याच्या तुरुंगात गीतेवर अठरा प्रवचने लिहिली. ती फार सुंदर आहेत.' हा मजकूर आटोपशीर आहे, पण विश्वासू नाही. प्रवचने विनोबांची, पण येथे ती साने गुरुजींची झाली. 'फार सुंदर' हे मत उताऱ्यात कोठेच नाही. ते लिहिणाऱ्याचे आहे. ज्याने मूळ उतारा वाचलेला नाही, तो या दोन वाक्यांवर विश्वास ठेवील. एकाचे बोलणे दुसऱ्याच्या नावावर जाईल आणि ज्याने ते जपून ठेवले, त्याचे खरे काम कोणालाच कळणार नाही. म्हणून सारांश लिहून झाल्यावर तो मूळ मजकुराशी ताडून पाहिलाच पाहिजे.

साने गुरुजींनी केले ते मात्र सारांशलेखन नव्हे, हेही लक्षात घ्यावे. त्यांनी केवळ चार मुद्दे टिपले असते, तर विनोबांचे दृष्टांत व बोलण्याची धाटणी नाहीशी झाली असती. सारांश मूळ लेखनाची ओळख करून देतो. त्याची जागा घेत नाही.

वरील उताऱ्याचा सारांश पुढीलप्रमाणे लिहिता येईल.

शीर्षक : तुरुंगात जन्मलेला ग्रंथ

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा भावे यांनी सहकैद्यांसाठी गीतेवर दर रविवारी एक, अशी अठरा प्रवचने मराठीतून दिली. तेथेच कैदेत असलेल्या साने गुरुजींनी ती उतरून घेतली, म्हणूनच ती टिकून राहिली. त्यांतून सिद्ध झालेला 'गीता-प्रवचने' हा ग्रंथ भाषांतरांच्या द्वारे देशभर पोहोचला.

मूळ उतारा सुमारे एकशेवीस शब्दांचा आहे, सारांश सुमारे चाळीस शब्दांचा. सारांश सामान्यतः मूळ मजकुराच्या एकतृतीयांश असावा.

स्वाध्याय

१. सारांशातून कोणत्या गोष्टी गाळाव्यात? कोणत्या गाळू नयेत?

२. विद्यार्थ्याच्या सारांशातील दोन दोष तुमच्या शब्दांत सांगा.

३. वरील उताऱ्याला दुसरे योग्य शीर्षक सुचवा व ते का योग्य आहे, ते लिहा.

४. पुढील उताऱ्याचा एकतृतीयांश सारांश लिहा व त्याला शीर्षक द्या :

काँग्रेसची अधिवेशने पूर्वी मोठमोठ्या शहरांत भरत. देशातील बहुसंख्य लोक मात्र खेड्यांत राहत. डिसेंबर १९३६ मध्ये ही रीत मोडली. त्या वर्षीचे अधिवेशन खानदेशातील फैजपूर येथे भरले. खेड्यात भरलेले काँग्रेसचे हे पहिलेच अधिवेशन होय. जवाहरलाल नेहरू अध्यक्ष होते. अधिवेशनाच्या जागेची सजावट नंदलाल बोस या थोर चित्रकारांनी केली. शहराने खेड्याला बोलवावे, याऐवजी शहरच खेड्याच्या दारी आले.