लसीकाग्रंथी आणि एका विषाणूचा माग

विद्यार्थी मित्रहो, पायाच्या अंगठ्याला ठेच लागली, जखम चिघळली आणि दोन दिवसांनी जांघेत सुपारीएवढी दुखरी गाठ आली, असा अनुभव तुमच्यापैकी पुष्कळांना असेल. घरातील वडीलधारी माणसे तिला अवधाण म्हणतात आणि जखम भरून आली की ती आपोआप बसेल, असे सांगतात. त्यांचे म्हणणे बहुधा खरे ठरते. परंतु जखम अंगठ्याला आणि गाठ जांघेत, हे कसे, असा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. ह्या साध्या प्रश्नापासून आरंभ करून आपणांस एका मोठ्या प्रश्नाकडे जावयाचे आहे. एखादा विषाणू मनुष्यास कर्करोग जडवू शकतो काय? आणि शकत असेल, तर कर्करोग हा सांसर्गिक रोग मानावयाचा काय? प्रस्तुत लेखक शास्त्राचा नव्हे, वाङ्मयाचा पदवीधर आहे. तथापि ह्या शोधाचा इतिहास इतका बोधप्रद आहे की तो शास्त्राच्या तासापुरता राहू नये, असे वाटते.

शरीरातील नाकी

रक्त बारीक वाहिन्यांतून वाहत असता त्यातील काही द्रव बाहेर झिरपतो व पेशींच्या अवतीभोवती पसरतो. तो गोळा करून पुन्हा रक्तात नेऊन सोडणाऱ्या नलिकांचे एक स्वतंत्र जाळे आपल्या शरीरात आहे. ह्या नलिकांतील द्रवास लसीका म्हणतात. नलिकांच्या वाटेवर ठिकठिकाणी घेवड्याच्या बीच्या आकाराच्या लहान ग्रंथी असतात. त्यांची एकूण संख्या सुमारे ५०० ते ६०० भरते. मान, काख, जांघ, छाती आणि पोट ह्या ठिकाणी त्यांचे पुंजके आढळतात.

गावात येणाऱ्या मालाची नाक्यावर तपासणी व्हावी, तशी प्रत्येक ग्रंथीत लसीकेची तपासणी होते. तपासणीचे काम लसीकापेशी करतात. त्यांच्यातील बी-पेशी रोगजंतूंविरुद्ध प्रतिपिंडे तयार करतात, तर टी-पेशींपैकी काही पेशी विषाणूंनी बाधलेल्या पेशींचा थेट नाश करतात. अंगठ्यातील जंतू लसीकेबरोबर वर चढले की जांघेतील ग्रंथीत अडवले जातात. तेथे लसीकापेशींची संख्या झपाट्याने वाढते, आणि म्हणून ग्रंथी फुगते. तात्पर्य, गाठ येणे हे पुष्कळदा शरीर आपले काम करीत असल्याचे चिन्ह असते.

सूक्ष्मदर्शकाखाली काय दिसते?

तरीही प्रत्येक गाठ अशी निरुपद्रवी नसते. क्षयाचे जंतू मानेतील ग्रंथींत शिरले की गाठींची माळच तयार होते. आपल्याकडे तिला गंडमाळ म्हणतात. क्वचित प्रसंगी लसीकापेशी स्वतःच बेबंद होऊन अमर्याद वाढू लागतात. ह्या कर्करोगास लिंफोमा असे नाव आहे. बोटांनी चाचपून ह्या निरनिराळ्या गाठींतील भेद निश्चित सांगता येत नाही. त्यासाठी गाठीचा अंश काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा लागतो. रोगाने शरीराच्या रचनेत कोणते बदल घडवले, हे अशा रीतीने अभ्यासणाऱ्या शास्त्राला विकृतिविज्ञान म्हणतात.

लंडनच्या गाइज रुग्णालयातील टॉमस हॉजकिन ह्यांनी १८३२ साली ग्रंथी व प्लीहा ह्यांच्या विलक्षण वाढीचे सात रुग्ण वर्णिले, तेव्हा त्यांचा आधार शवविच्छेदन आणि उघड्या डोळ्यांचे निरीक्षण हाच होता. १८६५ साली सॅम्युअल विल्क्स ह्यांनी त्या रोगास हॉजकिन ह्यांचे नाव दिले. पुढे स्टर्नबर्ग ह्यांनी १८९८ मध्ये आणि डोरोथी रीड ह्यांनी १९०२ मध्ये त्या रोगातील विशिष्ट राक्षसी पेशींचे वर्णन केले. अशा पेशीतील दोन मोठी केंद्रके घुबडाच्या डोळ्यांप्रमाणे पाहणाऱ्याकडे रोखलेली दिसतात.

निरोगी ग्रंथीत निरनिराळ्या पेशींचे कप्पे व्यवस्थित मांडलेले असतात. संसर्गाने ग्रंथी फुगली तरी ही मांडणी बहुधा ओळखता येते. क्षयात मध्यभागाचा भुगा होऊन तो खरवसासारखा पांढुरका दिसू लागतो. लिंफोमामध्ये मात्र मांडणीच पुसली जाते. अनेक लिंफोमांत तर एकाच जातीच्या पेशी जिकडेतिकडे पसरलेल्या दिसतात. रोगाचे निदान ह्या बारकाव्यांवर अवलंबून असते, आणि उपचार निदानावर.

कंपाला येथील शस्त्रवैद्य

आता आपण आफ्रिकेतील युगांडा देशाकडे वळू. डेनिस बर्किट हे आयर्लंडमध्ये जन्मलेले शस्त्रवैद्य १९४६ पासून तेथे काम करीत होते. बालपणी झालेल्या अपघातात त्यांचा एक डोळा गेला होता. १९५७ साली कंपाला येथील मुलागो रुग्णालयात त्यांना एक लहान मुलगा दाखवण्यात आला. त्याच्या जबड्याच्या चारही बाजूंना गाठी होत्या. गाठ एका ठिकाणी असती तर तिचा उलगडा झाला असता; चार ठिकाणी एकदम गाठी का याव्यात, हे कळेना. पुढे थोड्याच दिवसांत जिंजा गावच्या रुग्णालयात तशीच एक मुलगी त्यांच्या दृष्टीस पडली. तिच्या पोटातही गाठी होत्या. बर्किट ह्यांनी जुनी नोंदपत्रके काढून पाहिली आणि १९५८ साली ह्या रोगावर निबंध प्रसिद्ध केला. हा लिंफोमाचाच एक प्रकार होय, असे विकृतिवैज्ञानिकांनी ठरवले. सूक्ष्मदर्शकाखाली ह्या गाठीत गडद पेशींची दाट गर्दी दिसते व मधूनमधून फिकट, मोठ्या भक्षक पेशी असतात. तज्ज्ञांनी ह्या देखाव्याला तारांकित आकाशाची उपमा दिली आहे.

बर्किट ह्यांनी पुढचा प्रश्न विचारला तो मात्र शस्त्रक्रियेचा नव्हता, भूगोलाचा होता. हा रोग कोठे आढळतो आणि कोठे आढळत नाही? त्यांनी रुग्णांची छायाचित्रे असलेली पत्रके आफ्रिकेतील रुग्णालयांकडे धाडली आणि आलेल्या उत्तरांच्या खुणा नकाशावर केल्या. १९६१ च्या ऑक्टोबरात दोन सहकाऱ्यांसह ते एका जुन्या मोटारीतून निघाले आणि सुमारे दहा आठवड्यांत १०,००० मैलांचा प्रवास करून गावोगावच्या रुग्णालयांत चौकशी करीत फिरले. नकाशावर विषुववृत्ताच्या दोन्ही बाजूंस एक रुंद पट्टा उमटला. उंच पठारांवर रोग नव्हता. थंड व कोरड्या प्रदेशातही नव्हता. जेथे हवा उष्ण आणि पाऊस पुरेसा, म्हणजे जेथे डासांचा सुकाळ, तेथेच तो होता.

धुक्याने लांबलेला प्रवास

त्याच वर्षी, २२ मार्च १९६१ रोजी, लंडनच्या मिडलसेक्स रुग्णालयात बर्किट ह्यांचे व्याख्यान झाले. श्रोत्यांत अँथनी एपस्टाइन हे संशोधक होते. विषाणूमुळे कोंबड्यांत अर्बुद होते, हे १९११ मध्ये पेटन राउस ह्यांनी दाखवले होते व एपस्टाइन त्याच विषयाचा अभ्यास करीत होते. रोगाचा प्रदेश हवामानाने ठरतो हे ऐकताच त्यांच्या मनात आले, की ह्याच्या मुळाशी एखादा विषाणू असावा. तेव्हापासून कंपालाहून गाठींचे तुकडे विमानाने लंडनला येऊ लागले. परंतु जवळजवळ तीन वर्षे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली काहीच हाती लागले नाही.

डिसेंबर १९६३ मध्ये धुक्यामुळे एक विमान लंडनऐवजी मँचेस्टरला उतरले आणि नमुना पोचण्यास उशीर झाला. कुपीतील द्रव गढूळ झाला होता. नमुना नासला असे समजून दुसऱ्या कोणी तो फेकून दिला असता. एपस्टाइन ह्यांनी त्यातील एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली धरला. गढूळपणा जंतूंचा नव्हता. गाठीतील जिवंत पेशी सुट्या होऊन द्रवात तरंगत होत्या. त्या पेशी प्रयोगशाळेत वाढवणे शक्य झाले. एपस्टाइन, इव्हॉन बार आणि बर्ट अचाँग ह्या तिघांच्या प्रयत्नांना २४ फेब्रुवारी १९६४ रोजी यश आले: वाढवलेल्या पेशींत नागीण ह्या रोगाच्या विषाणूच्या कुळातील एक नवा विषाणू दिसला. तोच पुढे एपस्टाइन-बार विषाणू म्हणून प्रसिद्ध झाला.

सर्वांच्या ठायी असलेला विषाणू

येथे कथा संपेल असे वाटते. परंतु खरे कोडे येथूनच पुढे आहे. अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे वेर्नर व गेरट्रूड हेन्ली ह्या दांपत्याने रक्त तपासून पाहिले, तेव्हा त्या विषाणूची प्रतिपिंडे रुग्ण मुलांच्या रक्तात होतीच, पण बहुतेक सर्व निरोगी प्रौढ माणसांच्या रक्तातही निघाली! मग ह्याच प्रयोगशाळेतील एका कर्मचारी स्त्रीला ताप, घसादुखी आणि मानेतील ग्रंथींची सूज ह्या लक्षणांचा ग्रंथिज्वर झाला. तिच्या रक्तात पूर्वी ही प्रतिपिंडे नव्हती. आजारानंतर ती दिसू लागली. १९६८ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि ग्रंथिज्वराचे कारण उमगले.

हा विषाणू लाळेतून पसरतो. बालपणी त्याची लागण झाली तर बहुधा काहीच जाणवत नाही. पौगंडावस्थेत झाली तर ग्रंथिज्वर होऊ शकतो. एकदा शरीरात आला की तो बी-पेशींत जन्मभर दडून राहतो व टी-पेशी त्याच्यावर नजर ठेवतात. जगातील दहांपैकी नऊंहून अधिक प्रौढ माणसे त्याला अशा रीतीने बाळगून असतात.

मग कर्करोग इतक्या थोड्यांना का? उत्तर असे की एकटा विषाणू पुरेसा नाही. बर्किट ह्यांच्या नकाशातील डास हा विषाणू वाहून नेत नव्हते. ते हिवताप पसरवीत होते. बालपणी वारंवार येणाऱ्या तीव्र हिवतापाने बी-पेशी सतत डिवचल्या जातात आणि टी-पेशींची नजर ढिली पडते. अशा घाईने वाढणाऱ्या एखाद्या पेशीत आठव्या व चौदाव्या गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल झाली, तर पेशीच्या वाढीवर ताबा ठेवणारे मिक नावाचे जनुक भलत्या जागी जाऊन अखंड चेतलेले राहते. तेव्हा कोठे रोग होतो. आफ्रिकेतील त्या पट्ट्यात बहुतेक सर्व रुग्णांच्या गाठींत हा विषाणू सापडतो. इतर देशांत हाच लिंफोमा विरळा आढळतो, आणि तेथील बहुसंख्य गाठींत विषाणू नसतो. १९९७ साली आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेने एपस्टाइन-बार विषाणूची गणना मनुष्यात कर्करोग घडविणाऱ्या कारणांत केली; परंतु तो अनेक कारणांपैकी एक आहे, हे विसरून चालणार नाही.

आपण काय ध्यानात ठेवावे?

आरंभीच्या प्रश्नाचे उत्तर आता देता येईल. विषाणू एकापासून दुसऱ्याकडे जातो, कर्करोग जात नाही. लिंफोमाच्या रुग्णाजवळ बसल्याने, त्याच्या ताटात जेवल्याने किंवा त्याचा हात धरल्याने तो रोग कोणास होत नाही. वर्गातील एखादा सोबती उपचार घेऊन परत आला, तर त्याचा बाक निराळा करणे हे अज्ञानाचे व निष्ठुरतेचे लक्षण होय. उपचार चालू असता त्याची प्रतिकारशक्ती कमी झालेली असते. म्हणून सर्दीखोकला असलेल्यांनी त्याच्यापासून दूर राहावे, पण ते त्याच्या हितासाठी.

दुसरी गोष्ट पालकांसाठी. मुलीच्या मानेवर गाठ दिसली की ती पदराखाली झाकण्याकडे काही घरांचा कल असतो. उद्या तिच्या लग्नाचे कसे होईल, ह्या चिंतेत आजचे मोलाचे दिवस निघून जातात. जखमेमुळे वा घसादुखीमुळे आलेली गाठ बहुधा दोनतीन आठवड्यांत ओसरते. ती ओसरली नाही, वाढत राहिली, न दुखता टणक झाली, गळ्याच्या हाडावर उगवली, किंवा तिच्याबरोबर ताप, रात्रीचा घाम व वजनातील घट दिसली, तर विलंब न करता डॉक्टरांकडे जावे आणि त्यांनी गाठीचा तुकडा तपासण्यास सांगितले तर घाबरू नये. तपासणीने गाठ पसरते, ही समजूत निराधार आहे. गंडमाळ निघाली तर क्षयावर खात्रीची औषधे आहेत. बर्किट ह्यांच्या लिंफोमासही औषधांनी उतार पडतो, हे खुद्द त्यांनीच कंपाला येथे पाहिले होते. आज जेथे पूर्ण उपचार वेळेवर मिळतात तेथे बहुसंख्य मुले बरी होतात. मुंबईचे टाटा स्मारक रुग्णालय १९४१ पासून कर्करोगाच्या रुग्णांची सेवा करीत आहे, आणि दूरदूरच्या मराठी कुटुंबांना ते परिचित आहे.

विद्यार्थी मित्रहो, ह्या शोधात सहभागी झालेल्यांची साधने पाहा: छायाचित्रांची पत्रके, एक नकाशा, जुनी मोटार आणि गढूळ द्रवाचा एक थेंब. परंतु रोग कोठे नाही, हे विचारण्याचे एकाला सुचले. टाकून देण्याजोगी वस्तू आधी नीट पाहावी, असे दुसऱ्याला वाटले. आणि निरोगी माणसांचे रक्तही तपासून पाहण्याची दक्षता तिसऱ्यांनी घेतली. हे तीन गुण कोणत्याही शाळेत, कोणत्याही विषयात अंगी बाणवता येतात.