नेम धरणाऱ्याचा हात कापत नाही?

प्रश्न : मी चिखली तालुक्यातली. स्पर्धा परीक्षा देऊन वर्षभरापूर्वी सरकारी कार्यालयात लिपिक म्हणून लागले. टिपणी चारदा वाचली तरी साहेबांपुढे फाइल ठेवताना छातीत धडधडतं. आपण नशिबाने लागलो, एक दिवस पितळ उघडं पडणार, असं वाटत राहतं. आपल्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने जगातल्या अव्वल तिरंदाजाला हरवलं, तेव्हा त्याचा हात कापला नसेल? असा आत्मविश्वास येतो तरी कुठून?

उत्तर : हात कापला की नाही, ते प्रथमेशलाच ठाऊक! पण मे २०२३मधल्या शांघाय विश्वचषकातला तो सामना गुणांसकट पाहण्यासारखा आहे. कंपाउंड प्रकारात निशाणा ५० मीटरवर असतो, दहा गुणांचं वर्तुळ जेमतेम आठ सेंटिमीटरचं आणि एका बाणाला वेळ २० सेकंद. पंधरा बाण, १५० गुण. नेदरलँड्सच्या माइक श्लोसरचे झाले १४८ आणि एकोणीस वर्षांच्या प्रथमेशचे १४९. म्हणजे जिंकणाऱ्याचाही एक गुण गेलाच होता. तुम्ही मात्र रोज स्वतःकडून दीडशेपैकी दीडशे मागता.

‘नशिबाने लागलो’ ही भावना तुमची एकटीची नाही. पॉलिन क्लान्स आणि सुझान आइम्स या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली तिच्यावर लेख लिहिला, तो चांगल्या शिकल्यासवरलेल्या, कर्तबगार बायकांना भेटूनच. यश मिळालं की श्रेय नशिबाला, चूक झाली की दोष स्वतःला, असा त्यांचा हिशेब असे. तुमच्या पत्रातही तोच आहे. परीक्षेत नशिबाचा थोडा हात असेलही, पण पेपर तर तुम्हीच सोडवला ना?

आता आत्मविश्वास कुठून येतो ते. तिरंदाज निशाण्याजवळ जाऊन आधी बाण कुठे लागलेत ते पाहतो. सगळे एकाच जागी, पण मध्यापासून बाजूला लागले असतील, तर पद्धत बरी आहे. नेम धरायची साइट जरा सरकवायची. चहूकडे पांगले असतील, तर बहुधा सोडण्यातच गडबड आहे. दोन्हींवरचे उपाय वेगळे. ‘मला जमत नाही’ यावर मात्र उपायच नसतो, कारण त्यात नेमकं काय जमत नाही तेच कळत नाही.

म्हणून परत आलेल्या फाइलींची एक वही करा. कशासाठी परत आली, एवढंच लिहायचं. दरवेळी शासन निर्णयाचा संदर्भच राहत असेल, तर प्रश्न तुमच्या लायकीचा नाही, एका ओळीचा आहे. चुका दरवेळी निराळ्या असतील, तर जुन्या जाणत्या सहकाऱ्याशेजारी बसून दोन-चार फाइली पहिल्यापासून शेवटपर्यंत करून घ्या. विचारायला लाजू नका; तेही कधीतरी कोणाला विचारूनच शिकलेले असतात. न अडकता मंजूर झालेल्या फाइलीही त्याच वहीत मांडा. अल्बर्ट बंडुरा या मानसशास्त्रज्ञाने १९७७ साली मांडलं, की ‘हे मला जमेल’ हा भरवसा सगळ्यात पक्का होतो तो स्वतः काम पार पाडल्याच्या अनुभवातून. कौतुकाचा, धीराच्या शब्दांचा नंबर त्यानंतरचा.

छातीतली धडधड शरीर कामाला लागल्याची खूणही असते. ती थांबायची वाट पाहू नका, धडधडत्या छातीनेच फाइल ठेवा. मात्र झोप उडाली, जेवण जाईना, तर १४४१६ या टेलिमानस मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या क्रमांकावर फोन करा. मराठीतून बोलता येतं.