टॅग लायब्ररी: भाव एकाच जागी बदला, सगळ्या पानांवर बरोबर दिसू द्या



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण जावामध्ये दुकानाची वेबसाइट बनवताना 'टॅग लायब्ररी' कशी वापरायची ते पाहिलं. व्हिडिओत स्क्रीन पटापट सरकते, म्हणून तोच धडा इथे सावकाश लिहून देतोय. तुम्ही स्वतः कोड लिहिणार नसाल, कुणाला पैसे देऊन वेबसाइट करून घेणार असाल, तरीही शेवटपर्यंत वाचा. शेवटचे पाच प्रश्न खास तुमच्यासाठी आहेत.

४,२०० रुपयांचा धडा

आधी माझी चूक सांगतो. मोहोपाड्यातल्या माझ्या दुकानाची पहिली वेबसाइट साध्या पानांची होती. प्रत्येक वस्तूचं वेगळं पान आणि प्रत्येक पानावर हाताने टाइप केलेला भाव, अशी एकूण ३८ पानं. दिवाळीआधी फराळाच्या भेटसंचाचा भाव ४५० वरून ५२० केला. हा भाव जिथे जिथे होता तिथे जाऊन बदलला, पण घाऊक ऑर्डरचं एक पान राहून गेलं. नेमकी त्याच पानावरून पाताळगंगा एमआयडीसीतल्या एका कंपनीची ६० संचांची ऑर्डर आली, ४५० च्या भावाने.

आता काय करणार? पानावर भाव आपणच लिहिलेला. शब्द पाळला. एका संचामागे ७० रुपये, ६० संचांचे ४,२०० रुपये गेले. चूक कंपनीची नव्हती, माझी होती. एकच भाव मी दहा ठिकाणी लिहून ठेवला होता, हेच मुळात चुकलं होतं.

बिलबुक आठवा

छापील बिलबुकात दुकानाचं नाव, रकाने, खालची सही हे सगळं आधीच छापलेलं असतं. आपण फक्त गिऱ्हाइकाचं नाव, वस्तू, नग आणि भाव भरतो. डायनॅमिक पान म्हणजे असंच बिलबुक. साचा एकदाच बनतो. वस्तूंची यादी आणि भाव डेटाबेसमध्ये राहतात. गिऱ्हाइकाने पान उघडलं की सर्व्हर तो साचा भरून देतो.

जावामध्ये हा साचा लिहायची जुनी आणि प्रसिद्ध पद्धत म्हणजे जेएसपी. ती सन मायक्रोसिस्टिम्सने १९९९ साली आणली. सुरुवातीला लोक साच्याच्या मधेच जावाचा कोड लिहायचे. म्हणजे बिलाच्या पानावरच उधारी, स्टॉक आणि गाडीभाड्याचा हिशोब करायचा! महिन्याभराने लिहिणाऱ्यालाच ते कळत नसे. त्यावर उपाय म्हणून २००२ साली जेएसटीएल ही प्रमाण टॅग लायब्ररी आली. नेहमी लागणारी कामं तिने तयार टॅगमध्ये बांधून दिली. पुढच्याच वर्षी, जेएसपी २.० पासून, डॉलरचं चिन्ह आणि महिरपी कंस वापरून पानात थेट किंमत किंवा नाव दाखवता यायला लागलं.

(टॅगची नावं मी इथे उच्चाराप्रमाणे लिहितोय. टाइप करताना ती इंग्रजी अक्षरांतच टाकायची.)

दुकानाला लागणारे चार टॅग

१. सी-फॉरईच. यादीतल्या प्रत्येक वस्तूसाठी तोच साचा पुन्हा भरतो. कर्जतचा तांदूळ, पोह्याचे पापड, कोकम, मिरगुंडं, भेटसंच अशा पाच वस्तू असोत की पाचशे, पानात साचा एकदाच लिहायचा. नवी वस्तू डेटाबेसमध्ये टाकली की ती आपोआप दिसायला लागते.

२. सी-चूज, त्याच्या पोटात सी-व्हेन आणि सी-अदरवाइज. हा निवड करतो. स्टॉक शून्य असेल तर 'संपलं', पाचपेक्षा कमी असेल तर 'थोडेच शिल्लक', नाहीतर 'पिशवीत टाका' हे बटण. अटींचा क्रम महत्त्वाचा. वरून जी अट पहिली जुळते तीच चालते, खालच्या बघितल्याच जात नाहीत. म्हणून शून्याची अट आधी लिहा. उलटं केलंत तर शून्यसुद्धा पाचपेक्षा कमीच असतो, मग संपलेला मालही 'थोडेच शिल्लक' दिसणार.

३. सी-आउट. हा दिसायला सगळ्यात साधा, पण सुरक्षेच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचा. गिऱ्हाइकाने लिहिलेलं नाव, पत्ता, अभिप्राय पानावर दाखवायचं असेल तर यातूनच दाखवा. कुणी अभिप्रायाच्या नावाखाली कोडचा तुकडा घातला, तर सी-आउट त्यातली कंसांसारखी धोक्याची चिन्हं निरुपद्रवी करून दाखवतो. नुसतं डॉलर-कंसाने दाखवलंत तर जेएसपी हे काम आपणहून करत नाही. मग तो तुकडा पुढच्या गिऱ्हाइकाच्या मोबाइलवर चालू शकतो.

४. एफएमटी-फॉरमॅटनंबर. आकड्यांना स्वल्पविराम आणि दशांश देतो. इथे आपल्यासाठी एक खाच आहे. ५२० चे २०० संच म्हणजे आपण लिहितो १,०४,०००. जावाची नेहमीची आकडे मांडायची पद्धत मात्र सगळीकडे तीन-तीन अंकांचेच गट पाडते आणि १०४,००० दाखवते. भारताची सेटिंग दिली तरी तेच. आपल्या गिऱ्हाइकाला असा आकडा परका वाटतो.

मग आपला स्वतःचा टॅग बनवा

लाख-हजाराचे गट पाडणारं छोटं काम एकदाच लिहायचं आणि त्याला समजा 'रुपये' असं नाव द्यायचं. डब्ल्यूईबी-आयएनएफ फोल्डरच्या आत टॅग्ज नावाचा फोल्डर करून त्यात ही टॅग फाइल ठेवायची. मग जिथे जिथे रक्कम दाखवायची तिथे हाच टॅग. उद्या दशांश काढायचे ठरले तर एकच फाइल बदलायची.

असाच दुसरा टॅग 'वस्तूची माहिती' या नावाने करा. पॅकबंद माल ऑनलाइन विकताना कमाल किरकोळ किंमत, निव्वळ वजन, उत्पादकाचं नाव-पत्ता अशी माहिती वेबसाइटवरही दाखवावी लागते. वैधमापनशास्त्राच्या पॅकबंद वस्तूंच्या नियमांत ही तरतूद १ जानेवारी २०१८ पासून लागू आहे. ३८ पानांवर हे हाताने लिहिलं तर कुठेतरी राहणारच. एका टॅगमध्ये बांधलं की डेटाबेसमध्ये रकाना रिकामा आहे का, एवढंच बघायचं.

इथे बहुतेक जण अडकतात

*टॅग चालतच नाही.* टॉमकॅट सर्व्हरसोबत जेएसटीएल येत नाही, ती वेगळी जोडावी लागते. शिवाय टॉमकॅट ९ पर्यंत 'जावाएक्स' नावाची जुनी घराणी आहेत आणि टॉमकॅट १० पासून 'जकार्ता'. लायब्ररी एका घराण्याची आणि सर्व्हर दुसऱ्या, असं झालं की पान उघडत नाही. जुन्या व्हिडिओतला कोड नव्या सर्व्हरवर चालत नाही, त्याचं कारण बहुधा हेच असतं.

*मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात.* पानाच्या वरच्या ओळीत यूटीएफ-८ लिहा आणि डेटाबेसही त्याच पद्धतीचा ठेवा. एकच बाजू नीट करून भागत नाही.

*टॅगमधून थेट डेटाबेस.* जेएसटीएलमध्ये एसक्यूएलचेही टॅग आहेत. नमुना म्हणून ठीक, पण दुकानाच्या खऱ्या साइटवर वापरू नका. माहिती आणायचं काम सर्व्हलेटकडे, दाखवायचं काम पानाकडे.

*पानावर दिसणारा भावच खरा मानणं.* टॅग फक्त दाखवतो. गिऱ्हाइकाच्या ब्राउझरमधून परत येणारा आकडा कुणीही बदलू शकतं. ऑर्डर नोंदवताना भाव आणि स्टॉक सर्व्हरने डेटाबेसमधून पुन्हा घ्यायलाच हवा. नाहीतर माझे ४,२०० गेले, तुमचे त्याहून जास्त जातील.

सगळ्यांना हे लागतं का?

खरं सांगायचं तर नाही. दहा-पंधरा वस्तू असतील तर व्हॉट्सॲप बिझनेसचा कॅटलॉग सुरुवातीला पुरतो. अगदी नवा प्रकल्प असेल तर डेव्हलपर कदाचित स्प्रिंग बूट आणि थाइमलीफ सुचवेल, त्यातही काही वावगं नाही. तिथेही साचा वेगळा आणि माहिती वेगळी, हे तत्त्व तेच आहे. पण वस्तू शेकड्यात असतील, भाव वरचेवर बदलत असतील, किंवा आधीची साइट जेएसपीत असेल, तर हा धडा तुमच्या कामाचा.

डेव्हलपरला पैसे देण्याआधी विचारा

१. एका वस्तूचा भाव बदलायला मला किती ठिकाणी जावं लागेल? उत्तर 'एक' हवं.
२. तो बदल मी स्वतः करू शकेन, की दर वेळी तुम्हाला फोन करावा लागेल?
३. गिऱ्हाइकाने लिहिलेला मजकूर सुरक्षित करून दाखवता का?
४. ऑर्डर घेताना भाव सर्व्हरवर पुन्हा तपासला जातो का?
५. सर्व्हर आणि लायब्ररी कुठल्या आवृत्तीच्या आहेत? हे मला लिहून द्याल का?

पाचपैकी दोन प्रश्नांना जरी 'ते नंतर बघू' असं उत्तर आलं, तरी ॲडव्हान्स देऊ नका.

या आठवड्याचा गृहपाठ: वही घ्या. तुमच्या सर्वाधिक खपाच्या एका वस्तूचा भाव आज कुठे कुठे लिहिलेला आहे ते मोजा: दरफलक, पाकीट, व्हॉट्सॲप, वेबसाइट, कोटेशन. माझ्या दुकानात मी मोजले तेव्हा सात निघाले. तुमचा आकडा काढा आणि त्यातली एक जागा 'मूळ' म्हणून ठरवा. बाकी सगळ्या जागांनी तिच्याकडे बघूनच भाव सांगायचा. वेबसाइटचं काम त्यानंतर.

पुढच्या भागात पिशवी आणि बिलाचं पान बनवू. भेटूया!