यादी पाहून नाव घालावे

भोकरदन तालुक्यातील धावडा या आमच्या गावी टेनिसचे मैदान नाही, आणि ज्या खेळाने माझ्या घरचा जमाखर्च काही वर्षे व्यापून टाकला तो गावातील बहुतेक मंडळींनी दूरचित्रवाणीवाचून अन्यत्र कोठे पाहिलेला नाही; असे असता या विषयावर लिहिण्याचा अधिकार मला पोहोचतो तो इतक्याच कारणाने, की महसूल खात्यातून निवृत्त होऊन मी गावी परतलो त्या सुमारास छत्रपती संभाजीनगरास नोकरीस असलेल्या माझ्या धाकट्या भावाने आपल्या मुलाच्या टेनिसचे सारे दप्तर माझ्या स्वाधीन केले. खर्चाचा मोठा हिस्सा आमच्या सामाईक जमिनीतील मिरचीतून निघत असल्यामुळे हे न्याय्यही होते. पिंपळगाव रेणुकाईच्या बाजारात मिरचीला काय भाव फुटला यावर आमचा मुलगा त्या मोसमात परदेशी जाणार की नाही हे ठरे, आणि भाव पडला की भावाचा दूरध्वनी आपोआपच कमी होई. पुढे जालना, सिल्लोड, बुलढाणा अशा ठिकाणांहून काही पालक माझ्याकडे येऊ लागले. त्यांचा प्रश्न बहुधा एकच असे : पोरगा राष्ट्रीय स्तरावर बरा खेळतो, आता त्याला कोणत्या दर्जाच्या स्पर्धेत उतरवावे? प्रत्येकास तेच ते सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवलेले बरे, म्हणून हा खटाटोप.

वृत्तपत्रांत जे टेनिस येते ते विंबल्डनचे, किंवा २०१८ ते २०२३ या काळात पुण्याच्या बालेवाडी संकुलात भरलेल्या महाराष्ट्र ओपनसारख्या स्पर्धेचे. त्याखाली चॅलेंजर स्पर्धांची एक फळी आहे, आणि तिच्याही खाली आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या, म्हणजे आय.टी.एफ.च्या, त्या असंख्य लहान स्पर्धा, ज्यांना पुरुषांत एम-१५ आणि एम-२५ म्हणतात. सामान्य कुटुंबातील मुलाचे व्यावसायिक आयुष्य येथे सुरू होते, आणि शंभरातील नव्वदांचे येथेच संपते. एम-१५, म्हणजे १५ हजार डॉलरच्या, स्पर्धेत एकेरी जिंकणारास २,१६० डॉलर मिळतात, मुख्य फेरीत पहिल्याच सामन्यात हरणारास १५६, आणि पात्रता फेरीत हरणारास काहीही मिळत नाही; उलट प्रवेशशुल्क त्यानेच भरावयाचे असते. महासंघाने स्वतःच केलेल्या पाहणीत असे आढळले होते, की २०१३ साली सुमारे १४ हजार खेळाडू व्यावसायिक स्पर्धांत उतरले आणि त्यांतील जवळजवळ निम्म्यांच्या हाती बक्षिसाचा एक डॉलरही पडला नाही. प्रशिक्षकाचा खर्च न धरताही जमाखर्चाची तोंडमिळवणी पुरुषांत ३३६व्या आणि स्त्रियांत २५३व्या क्रमांकाच्या आसपास होते, हे त्याच पाहणीतले आणखी एक अनुमान. ज्यास आपण ‘जगात सहाशेवा’ म्हणून कौतुकाने हार घालतो तो तरुण हिशेबाच्या भाषेत कर्जबाजारी असतो, ही गोष्ट पालकांनी प्रथम पचवावी.

आमच्या मुलाच्या प्रारंभीच्या काळात एका नामांकित प्रशिक्षकांचा सल्ला असा पडला, की वरच्या दर्जाच्या खेळाडूंशी दोन हात केल्याखेरीज वरचा दर्जा येत नाही, सबब एम-१५ मध्ये वेळ न दवडता एम-२५ च्या पात्रता फेऱ्या आणि, वाइल्ड कार्ड, म्हणजे क्रमवारी न पाहता आयोजकांनी दिलेला प्रवेश, मिळाल्यास, चॅलेंजरच्याही पात्रता फेऱ्या खेळाव्यात. वाक्य ऐकावयास रुबाबदार होते, आणि तरुण मुलाच्या अभिमानाला तर ते फारच मानवले. अशा एका पात्रता फेरीचा सामना मी पुण्यास स्वतः पाहिला. कडेचे मैदान, प्रेक्षकांत मी आणि प्रतिस्पर्ध्याची आई, चेंडू वेचणारी पोरे नाहीत, रेषेवरच्या चेंडूचा निवाडा खेळाडूंनीच परस्पर करावयाचा आणि वाद झाला तर फिरत्या पंचास हाक मारावयाची. आमचा मुलगा वाईट खेळला असे मुळीच नाही. पण समोरचा प्रत्येक महत्त्वाच्या चेंडूला शांतपणे पहिली सर्व्हिस आत टाकी आणि आमचा नेमका त्याच वेळी दुसरीवर येई. तासाभरात सारे आटोपले. तो बाहेर आला, घामाने चिंब झालेली मनगटाची पट्टी पिळीत म्हणाला, “काका, मी याला हरवू शकतो.” मला वाटते तो खरे बोलत होता. परंतु ‘हरवू शकतो’ आणि ‘हरवतो’ यांमधले अंतर तोडण्यासाठी जे अनेक सामने लागतात, ते मुख्य फेरी लागण्याच्या आतच गाशा गुंडाळणाऱ्या खेळाडूस मिळावेत कोठून? हरलेल्या सामन्यापासून मनुष्य शिकतो हे खरे, तथापि केवळ हरलेल्या सामन्यांपासून तो हरण्याचीच सवय शिकतो.

त्यानंतर मी जागतिक क्रमवारीच्या गुणांचे कोष्टक पुढ्यात घेऊन बसलो. फेरफार आणि खतावण्या तपासण्यात नोकरी गेलेल्या माणसास आकड्यांची रुजुवात घातल्यावाचून चैन पडत नाही. सध्याच्या कोष्टकाप्रमाणे एम-१५ मध्ये पहिला सामना जिंकल्यास १ गुण मिळतो, आणि एम-२५ मध्ये पहिला सामना जिंकल्यासही १ च. उपान्त्यपूर्व फेरीत पोहोचल्यास अनुक्रमे २ आणि ३. खरी तफावत पडते ती तेथून पुढे : उपान्त्य फेरीस ४ आणि ८, उपविजेत्यास ८ आणि १६, विजेत्यास १५ आणि २५. म्हणजे जो मुलगा एखाद-दुसरी फेरी जिंकण्याच्या बेतात आहे त्याला दर्जा चढवून गुणांत जवळजवळ काहीच लाभ नाही, समोर प्रतिस्पर्धी मात्र कणखर उभा राहतो. आणि जो उपान्त्य फेरीपर्यंत सहज जाऊ लागला आहे त्याने एम-१५ मध्ये रेंगाळणे म्हणजे अर्ध्या मजुरीवर राबणे होय. चॅलेंजर ५० या दर्जाच्या स्पर्धेत तर मुख्य फेरीचा एकच सामना जिंकला की ४ गुण पदरात पडतात. एम-१५ मध्ये तेवढ्यासाठी सलग तीन सामने जिंकावे लागतात. वर जाण्याचे हे आमिष खोटे नव्हे. ते केव्हा गिळावयाचे एवढाच प्रश्न आहे.

आणि तो प्रश्न दर्जाच्या पाटीवरून सुटत नाही, हे या साऱ्या अनुभवाचे सार मला वाटते. आमच्या भागात जत्रेच्या फडावर जाणारा जाणता पैलवान इनामाचा आकडा विचारण्याआधी फडावर कोण कोण उतरले आहेत हे विचारतो. टेनिसमध्ये तेच काम प्रवेशयादी करते. स्पर्धेच्या सोमवारच्या १८ दिवस आधी, गुरुवारी, नावे घालण्याची मुदत संपते. त्यानंतर यादी लागते, आणि १३ दिवस आधीच्या मंगळवारपर्यंत नाव बिनदंड काढता येते. एकाच आठवड्यासाठी अनेक स्पर्धांत पसंतीक्रमाने नावे घालण्याची मुभा आहे. गुरुवार ते मंगळवार हे मधले दिवस म्हणजेच निवडीचे खरे दिवस, आणि बहुसंख्य पालक नेमके तेव्हाच विमानाच्या तिकिटांच्या मागे असतात. मुलगा विचारी, “काका, टाकू का नाव?” आणि माझे ठरलेले उत्तर असे, “टाक तीन ठिकाणी. कुठे जायचं ते यादी लागल्यावर बघू.” खेळाडूंच्या भाषेत ‘कट कितीवर गेला’, म्हणजे मुख्य फेरीत थेट प्रवेश मिळालेला शेवटचा खेळाडू कितव्या क्रमांकाचा, हा एक आकडा स्पर्धेच्या नावापेक्षा पुष्कळ अधिक सांगतो. युरोपात उन्हाळ्यात एम-१५ ची यादीही अशी भरते, की तिच्यापुढे अन्यत्रची एखादी एम-२५ फिकी पडावी. उलट एकाच आठवड्यात पुष्कळ स्पर्धा भरल्या आणि एखादी आडवळणाच्या शहरी असली, की तिची यादी विरळ होते. आमच्या मुलाला पहिला गुण मिळाला तो अशाच एका विरळ आठवड्यात, ज्या स्पर्धेचे नाव सांगताना त्याला थोडा संकोचच वाटे.

यादी वाचताना केवळ क्रमांक वाचू नयेत. वरची नावे मागच्या आठवड्यात कोठे आणि किती खोलवर खेळली, त्यांचा प्रवास किती लांबचा, मैदान मातीचे की कठीण, हेही पाहावे. थकलेला मानांकित खेळाडू शेवटच्या क्षणी माघार घेतो आणि पर्यायी यादीतल्या, म्हणजे थेट प्रवेश हुकून प्रतीक्षेत असलेल्यांतल्या, पहिल्या चार-पाचांचे नशीब उघडते. म्हणून पर्यायी यादीत तिसरा असणारा मुलगा स्पर्धेच्या गावाजवळ असेल तर त्याने तेथे हजर राहावे, आणि विमानाने जावे लागत असेल तर खुशाल घरी बसावे. स्थानिक संघटनेकडून वाइल्ड कार्ड मिळाले तर ते घरच्या गावात स्वीकारावे, पण त्यासाठी कोणाच्या दारी हेलपाटे घालू नयेत. एका वाइल्ड कार्डासाठी आपल्या मुलाचे सरावाचे पंधरा दिवस कचेऱ्यांच्या ओसरीवर घालवणारे पालक मी पाहिले आहेत.

दुसरा धोका याच्या अगदी उलट दिशेचा आहे, आणि तो अधिक गोड असल्यामुळे अधिक फसवा. ट्युनिसियातील मोनास्टिर, तुर्कस्तानातील अंताल्या, इजिप्तमधील शर्म-अल-शेख अशा ठिकाणी एकाच विश्रामस्थळी आठवड्यामागून आठवडा एम-१५ स्पर्धा भरतात. प्रवासखर्च एकदाच होतो, सरावास सोबती मिळतात, सोमवारी हरले तरी पुढचा सोमवार तेथेच उगवतो. गरिबाच्या मुलासाठी ही सोय मोलाची आहे हे मी नाकारीत नाही. परंतु तेथे एक वसाहतच तयार होते, जिच्यात तेच ते तरुण आलटून पालटून एकमेकांस हरवतात आणि दर आठवड्यास एक-दोन गुण वाटून घेतात. गुण ५२ आठवड्यांनी गळून पडतात. तेव्हा गेल्या वर्षीचे जे कमावले तेच पुन्हा कमावण्यात हे वर्ष सरते आणि क्रमांक जागचा हलत नाही. आमचा मुलगा या सुखात बराच काळ रमला. मी त्याला एक नियम घालून दिला, आणि तो इतरांसही सांगतो : ज्या दर्जात उपान्त्य फेरी ही अपवाद न राहता रीत झाली तो दर्जा सोडावा, आणि वर गेल्यावर लागोपाठ काही आठवडे एकही सामना हाती लागला नाही, तर निमूटपणे एक पायरी खाली येऊन दोन-तीन विजय घेऊन पुन्हा वर जावे. यात मानहानी कसली?

कोष्टक पाठ करून दीर्घ मुदतीचे बेत रचणाऱ्यांनी २०१९ साल ध्यानी ठेवावे. त्या वर्षाच्या जानेवारीत १५ हजार डॉलरच्या स्पर्धांतले जागतिक क्रमवारीचे गुण काढून टाकण्यात आले आणि त्यांच्याऐवजी महासंघाची वेगळी क्रमवारी पुढे आली. जगभर ओरड झाली, आणि ऑगस्टात गुण परत आले. दरम्यान अनेक तरुणांची नावे जागतिक क्रमवारीतून पुसली गेली होती. तेव्हा एका वेळी तीन-चार महिन्यांपलीकडचा बेत करू नये, आणि परतीचे तिकीट बदलता येण्याजोगे घ्यावे, भले त्याला दोन पैसे जास्त पडोत.

पैशाच्या बाबतीत कोणाच्याही कीर्तीवर जाऊ नये. सप्टेंबर २०२३ मध्ये भारताचा एकेरीतील पहिल्या क्रमांकाचा खेळाडू सुमित नागल याने आपल्या बँकखात्यात अवघे ९०० युरो असल्याचे सांगितले होते. पुढे जानेवारी २०२४ मध्ये त्याने ऑस्ट्रेलियन ओपनमध्ये मानांकित बुब्लिकला हरवले, असे यश १९८९ साली रमेश कृष्णन यांच्यानंतर कोणा भारतीयास एकेरीत लाभले नव्हते, आणि फेब्रुवारीत चेन्नईची चॅलेंजर जिंकून तो पहिल्या शंभरांत गेला. या कथेचा उत्तरार्धच सांगून मुलांस चेतवणारे पुष्कळ भेटतात. मी पालकांना पूर्वार्ध आधी सांगतो.

आणि आलेल्या प्रत्येकास मी आणखी एक गोष्ट विचारतो, जी आमच्या घरी कोणी वेळेवर विचारली नाही : अठराव्या वर्षी थेट व्यावसायिक फेऱ्यांत उतरण्याऐवजी अमेरिकेतील विद्यापीठाची शिष्यवृत्ती का नको? श्रीरामपूरची ऋतुजा भोसले टेक्सास ए अँड एम विद्यापीठात खेळली आणि पुढे २०२३ च्या हांगझोऊ आशियाई क्रीडास्पर्धेत रोहन बोपण्णासह मिश्र दुहेरीचे सुवर्णपदक घेऊन आली. पुण्याचा अर्जुन कढे ओक्लाहोमा स्टेटमध्ये शिकून दुहेरीत स्थिरावला. तेथे प्रशिक्षक, मैदान आणि सामने यांचा भार विद्यापीठ उचलते, पदवीही मिळते, आणि सुट्टीच्या दिवसांत महासंघाच्या स्पर्धा खेळता येतात. मात्र आधी स्वीकारलेल्या बक्षिसाच्या रकमेसंबंधीचे तेथील नियम मुलाच्या पहिल्या कमाईची पावती स्वीकारण्यापूर्वीच वाचावेत, आणि इंग्रजीची परीक्षा बारावीच्या वर्षाआधी उरकून घ्यावी.