फाइल फुगली, तंबोरा हरवला

जळगावातल्या मेहरूणच्या नानांची विकत घेतलेली गाणी आधी बारीक झाली आणि मग जाड झाली. बारीक झाली ती शहरातल्या एका दुकानात, गाडीतल्या जुन्या स्टिरिओवर वाजावीत म्हणून. "सगळं एमपी३ करून देतो ना नाना, कोणत्याबी गाडीत चालेल," असं दुकानातल्या पोराने सांगितलं आणि खरोखरच करून दिलं. जाड झाली ती नाना तक्रार घेऊन गेल्यावर. आवाज बसका येतोय म्हणताच पोराने त्याच बारीक फायली पुन्हा सॉफ्टवेअरमधून काढल्या, या वेळी १२८ ऐवजी ३२० केबीपीएसवर. आकार अडीचपट झाला. तंबोरा मात्र परत आला नाही.

नाना निवृत्त शिक्षक. सकाळी मेहरूण तलावाला फेरी आणि जानेवारीत जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवात जमेल तितकी पुढची खुर्ची, हे त्यांचे दोन नेम. गाणं फुकट उतरवून घ्यायचं नाही, हा तिसरा. गोलाणी मार्केटच्या आसपास मोबाइलच्या कार्डात शेकड्याने गाणी भरून मिळत, त्या काळातही ते पैसे मोजून गाणी घेत. म्हणूनच त्यांना हे नुकसान जास्त लागलं. फुकटची गाणी बिघडली तर माणूस पुन्हा फुकट मिळवतो.

त्यांच्या संग्रहाला तीन वाटा होत्या. पहिली सीडींची: उत्तरा केळकरांनी गायलेली बहिणाबाईंची गाणी, नाट्यसंगीत, भरपूर ख्याल. दुसरी वाट फ्लिपकार्टच्या 'फ्लाइट' या दुकानाची. ते फेब्रुवारी २०१२ मध्ये उघडलं, तिथली एमपी३ गाणी बिनकुलुपाची, म्हणजे नक्कल अडवणारं संरक्षण नसलेली, आणि चांगल्या दर्जाची असत, किंमतही चहा-भज्यांइतकी. जून २०१३ मध्ये ते बंद झालं. घेतलेली गाणी उतरवून घ्यायला गिऱ्हाइकांना ऑगस्टपर्यंत मुदत मिळाली, त्यानंतर दारच नाही. तिसरी वाट अमेरिकेतून आली. थोरल्या मुलीने तिकडे राहायला गेल्यावर आयट्यून्सवरून डॉलर मोजून घेतलेली गाणी एका हार्डडिस्कवर बाबांना पाठवली होती.

शहरातल्या त्या दुकानाने या तिन्हींना एकच माप लावलं आणि हार्डडिस्कवर जागा मोकळी व्हावी म्हणून मूळ फायली पुसून टाकल्या. गिऱ्हाइकाचं भलं करण्याच्याच हेतूने, हे नाना आजही आवर्जून सांगतात.

यात नेमकं काय गेलं, हे कळायला थोडा हिशेब करावा लागतो. सीडीवर आवाजाचे सेकंदाला ४४,१०० नमुने घेतलेले असतात, प्रत्येक १६ बिटांचा, डाव्या-उजव्या कानाचे वेगळे. म्हणजे सेकंदाला सुमारे १,४११ किलोबिट (केबीपीएस). पाच मिनिटांचं गाणं पन्नास एमबीच्या वर जातं. तेच १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये पाच एमबीत बसतं. बाकीचे पंचेचाळीसहून जास्त एमबी कुठे गेले? त्यातला मोठा भाग टाकून दिला. एमपी३ ही पद्धत जर्मनीतल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि सहकाऱ्यांनी घडवली. तिचा पाया असा, की मोठ्या आवाजाच्या सावलीतला बारीक आवाज कानाला ऐकू येत नाही, मग तो साठवायचाच कशाला? ब्रांडेनबुर्ग यांनी चाचणीसाठी सुझान व्हेगाचं 'टॉम्स डायनर' हे गाणं पुन्हा पुन्हा वापरलं. साथीला एकही वाद्य नसलेला एकटा गळा, आणि सुरुवातीच्या प्रयोगांत नेमका तोच वाईट वाजे. वाद्यांच्या गर्दीत चोरी लपते, एकट्या गळ्यात लपत नाही.

ज्यांच्या घरी गळा आणि तंबोरा ऐकला जातो, त्यांनी हे ध्यानात ठेवायला हवं. तंबोऱ्याची सगळी श्रीमंती जवारीत, म्हणजे वरच्या बारीक स्वरकणांत असते. १२८ केबीपीएसच्या एमपी३ मध्ये साधारण १६ किलोहर्ट्झच्या वरचं बहुतेक छाटलं जातं आणि उरलेलं पाण्याखालून आल्यासारखं भोवंडतं. तबल्याच्या कडक थापेआधी तिची अस्पष्ट फुसफुस ऐकू येते. टाळ्यांचा कडकडाट तर वाळू चाळल्यासारखा होतो. ढोल-ताशा, डीजे, लग्नातली बँडची गाणी यांत हे कुणाच्या लक्षातही येणार नाही.

जुन्या रेकॉर्डींबाबत तर लोकांचा समज अगदी उलटा असतो. बालगंधर्वांच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्यांवरून केलेली फाइल आधीच खरखरीत, मग तिला कशाला मोठा बिटरेट, असं वाटतं. पण खरखर ही आकुंचन करणाऱ्या सॉफ्टवेअरला सर्वांत जड जाणारी गोष्ट. तिच्यात कसलीच पुनरावृत्ती नसते. कमी बिटरेटवर ती खरखर गिरक्या घेऊ लागते आणि जाताना गळ्यालाही ओढून नेते. म्हणून जुन्या ध्वनिमुद्रणांना जागा जास्त द्यावी, कमी नव्हे.

एकदा टाकलेलं परत येत नाही. मेहरूणचं वाळलेलं बोर पाण्यात टाकलं तर फुगतं, ताजं होत नाही. १२८ ची फाइल ३२० केली, की सॉफ्टवेअर त्या उरल्यासुरल्या आवाजावरच पुन्हा कात्री चालवतं आणि वर मोठा डबा देतं. नानांच्या फ्लाइटवरच्या गाण्यांचा प्रवास ३२० वरून १२८ वर आणि तिथून पुन्हा ३२० वर असा झाला. फाइलच्या माहितीत आज '३२० केबीपीएस' लिहिलेलं दिसतं आणि ते तांत्रिकदृष्ट्या खोटंही नाही. ऑडॅसिटीसारख्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये ती उघडून स्पेक्ट्रोग्राम, म्हणजे आवाजाचा आलेख, पाहिला, की १६ किलोहर्ट्झवर भिंत घातल्यासारखी सरळ रेष दिसते. जास्त पैसे मोजून 'हाय क्वालिटी' फाइल घेतली असेल आणि शंका आली, तर ही तपासणी घरबसल्या करता येते.

मुलीने पाठवलेल्या गाण्यांची गोष्ट निराळी. त्यांतली बरीच दुकानाच्या सॉफ्टवेअरने उघडलीच नाहीत आणि दुकानाने दिलेल्या नव्या पेनड्राइव्हवर ती नव्हतीच. हे लक्षात यायलाही वेळ गेला. त्या फायलींच्या शेवटी 'एम४ए' नसून 'एम४पी' होतं, म्हणजे कुलूपबंद. आयट्यून्सचं दुकान एप्रिल २००३ मध्ये उघडलं तेव्हापासून गाणी १२८ केबीपीएस एएसी आणि वर कुलूप अशी मिळत. आधी तीन आणि २००४ पासून पाच संगणकांना परवानगी, त्यापलीकडे नाही. मे २००७ पासून ईएमआय कंपनीची गाणी बिनकुलुपाची आणि २५६ केबीपीएसवर मिळू लागली, २००९ मध्ये उरलेल्यांचंही कुलूप निघालं. भारतात हे दुकान डिसेंबर २०१२ मध्ये आलं, त्यामुळे इथल्या गिऱ्हाइकाने कुलूप फारसं पाहिलेलंच नाही. परदेशातल्या मुला-सुनांकडून आलेल्या जुन्या संग्रहांत ते अजून भेटतं.

कुलूपवाल्या गाण्याची किल्ली विकणाऱ्याकडे असते. तो दुकान मिटवून निघाला तर? २००८ मध्ये मायक्रोसॉफ्टने एमएसएन म्युझिकच्या गिऱ्हाइकांना कळवलं, की ऑगस्टनंतर नव्या संगणकाला परवाना मिळणार नाही. ओरड झाली तेव्हा मुदत वाढवावी लागली. याहूनेही त्याच वर्षी आपलं दुकान आवरलं. आणि हे कुलूप आपल्या हातूनही लागू शकतं. विंडोज मीडिया प्लेअरच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये स्वतःच्या सीडीवरून गाणी उतरवताना प्रत-संरक्षणाचा एक चौकोन टिक झालेला राहिला, की तयार होणारी डब्ल्यूएमए फाइल त्या एका संगणकाशी बांधली जायची. संगणक भंगारात गेला की गाणीही गेली.

मग कुलूप फोडावं का? इंटरनेटवर तशी हत्यारं मिळतात. आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात ६५-अ हे कलम आलं. हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण भेदलं तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. खासगी वापराला कलम ५२ मध्ये रास्त वापराची सूट आहे, पण शेजाऱ्यापाजाऱ्यांना कार्ड भरून देणं खासगी वापरात बसत नाही. नानांच्या मुलीने सरळ रस्ता धरला. तिचं खातं चालू होतं. त्या खात्यातून तीच गाणी पुन्हा उतरवली, तर दुकानात अजून विक्रीला असलेली गाणी बिनकुलुपाची, २५६ केबीपीएसची मिळाली. जी विक्रीतून निघून गेली होती त्यांच्यासाठी जुनी, दुकानानेच दिलेली वाट होती: आयट्यून्समधून ऑडिओ सीडी बनवायची आणि ती पुन्हा वाचून घ्यायची. एएसी-एमपी३ मध्ये वाचली तर थोडा दर्जा जातो, पण गाणं राहतं. हे सगळं होईपर्यंत मुलीने आपल्याकडची एम४पी फाइल पुसली नाही. यात तिचा शहाणपणा वडिलांच्या दुकानदारापेक्षा मोठा ठरला.

नाना आता रूपांतराच्या आधी एक प्रश्न विचारतात: हे करायची गरज आहे का? बँडकँपसारख्या दुकानातून गाणं घेतलं असेल, तर तिथे एमपी३, फ्लॅक, एएसी, वेव्ह यांपैकी हवं ते स्वरूप निवडून पुन्हा उतरवता येतं. विकणाऱ्याकडे मूळ मुद्रण असतं, आपल्याकडे त्याची प्रत. प्रतीवरून प्रत काढण्यापेक्षा मूळ दारी जावं. फोनवर व्हीएलसी टाकला तर तो जवळपास सगळं वाजवतो. मग फोनसाठी रूपांतराचा खटाटोप उरतच नाही.

गरज असेलच, तर खरी फाळणी दोन गटांत आहे. वेव्ह, फ्लॅक आणि ॲपलचं अलॅक या स्वरूपांत काहीच टाकून दिलेलं नसतं. यांच्यात कितीही वेळा इकडून तिकडे केलं तरी आवाज तसाच राहतो. फ्लॅक २००१ पासून आहे, मोफत आहे आणि सीडीच्या साधारण पन्नास ते साठ टक्के जागेत बसतं. शिवाय त्याच्या फाइलमध्ये मूळ आवाजाचा ठसा नोंदलेला असतो, म्हणून फाइल कुठे बिघडली का हे सॉफ्टवेअरने तपासता येतं. एमपी३, एएसी, डब्ल्यूएमए, ऑग हा दुसरा गट टाकून देणाऱ्यांचा. पहिल्या गटातून दुसऱ्यात यावं, तेही एकदाच. दुसऱ्यातून दुसऱ्यात जाणं म्हणजे दरवेळी नवी छाटणी. नानांनी कपाटातल्या सीडी काढून त्या नव्याने फ्लॅकमध्ये उतरवल्या. जळगावच्या मे महिन्यात गाडीच्या डॅशबोर्डवर राहिलेल्या दोन-चार सोडल्या, तर बहुतेक अजून वाचता येत होत्या.

ख्यालाच्या अल्बममध्ये आणखी एक खोच आहे. विलंबितातून द्रुत सुरू होताना मुद्रण अखंड असतं, पण सीडीवर दोन तुकडे केलेले असतात. एमपी३ बनवताना प्रत्येक तुकड्याच्या आगेमागे किंचित शांतता जोडली जाते आणि गाडीत नेमका समेवर गचका बसतो. फ्लॅकला हा त्रास नाही. एमपी३ च करायचं असेल तर असे तुकडे आधी जोडून एक सलग फाइल करावी.

देवनागरीचं दुखणंही आहेच. एमपी३ च्या सर्वांत जुन्या नोंदपद्धतीत गाण्याच्या नावाला फक्त तीस अक्षरांची जागा, तीही रोमन लिपीपुरती. रूपांतर करणारं सॉफ्टवेअर तीच जुनी पद्धत वापरत असेल, तर 'बहिणाबाई' चे चौकोन नाहीतर प्रश्नचिन्हं होतात. गायक, राग, वर्ष ही सगळी माहिती एका फटक्यात पुसली जाते. एमपी३टॅगसारख्या सॉफ्टवेअरने नवी, युनिकोडची नोंद लिहिता येते. तरी जुना स्टिरिओ देवनागरी दाखवेलच असं नाही. फाइलच्या नावाआधी '01', '02' असे इंग्रजी आकडे लिहिले, म्हणजे निदान क्रम तरी राहतो.

'फाइल टाका, एमपी३ मिळवा' असं सांगणाऱ्या मोफत संकेतस्थळांपासून नाना लांब राहतात. मार्च २०२५ मध्ये अमेरिकेच्या एफबीआयच्या डेन्व्हर कार्यालयाने अशा रूपांतरकांबद्दल जाहीर इशारा दिला: काही ठिकाणी रूपांतरित फाइलबरोबर घातक सॉफ्टवेअरही उतरतं. फ्रीएक, फूबार२०००, एफएफएमपेग ही सॉफ्टवेअरं मोफत आहेत आणि आपल्याच संगणकावर काम करतात. मग गाणी अनोळखी सर्व्हरकडे पाठवायची कशाला?

एका रविवारी सुनेने नानांची परीक्षा घेतली. एकच बंदिश फ्लॅक, २५६ चं एएसी आणि १२८ चं एमपी३ अशा तीन रूपांत, नावं झाकून. घरी हेडफोनवर त्यांनी १२८ लगेच पकडलं. फ्लॅक आणि २५६ मात्र त्यांना वेगळे ओळखता आले नाहीत, आणि अजिंठा चौफुलीच्या वाहतुकीत गाडी चालवताना तर तिन्ही सारखेच. नानांनी कुरकुर केली, पण मान्य केलं. तेव्हापासून घरात फ्लॅक, गाडीत त्यावरून केलेलं एमपी३. फ्लॅकची दुसरी प्रत पुण्यात धाकट्या मुलाकडे.

पुढे गाडी बदलली. नव्या गाडीचा स्टिरिओ फ्लॅकही वाचतो आणि एम४ए सुद्धा. इतक्या मेहनतीने केलेला एमपी३ चा पेनड्राइव्ह नानांनी पुसला आणि नातवाच्या शाळेच्या प्रकल्पासाठी देऊन टाकला.